किरणोत्सारी कचऱ्यासाठी रासायनिक सेन्सर: काय घ्यावे, काय कॅटलॉगमध्येच राहू द्यावे

कॅटलॉगच्या एकाच ओळीत नायट्रेट, क्रोमेट, युरेनियम, टेक्नेशियम, सीझियम आणि स्ट्राँशियम अशी नावे असतील आणि शेवटी 'सर्व मोजता येते' असे लिहिले असेल, तर विक्रेत्याला आधी अर्धायुष्याबद्दल विचारा. किंमत, अचूकता, हमी हे सगळे नंतर.

कारण साधे आहे. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३.२ टेराबेकरेल किरणोत्सारिता असते. लिटरमागे १ गिगाबेकरेल, म्हणजे हाताळायला चांगलेच अवघड द्रावण घेतले, तरी त्यात सीझियम-१३७ निघते जेमतेम ०.३ मिलिग्रॅम; मोलमध्ये सव्वादोन मायक्रोमोल. त्याच लिटरात सोडियम ५ मोल असते. वीस लाखांहून जास्त सोडियम आयनांतून एक सीझियम वेचायचा, आणि तोही त्याच्याच कुळातला स्थिर सीझियम व पोटॅशियम आजूबाजूला असताना. हे काम कोणत्याही मेम्ब्रेनकडून, म्हणजे सेन्सरच्या तोंडावरच्या निवडक पटलाकडून, रोजच्या रोज होत नाही. गॅमा डिटेक्टर मात्र ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा बाटलीच्या बाहेरूनच वाचतो. सीझियमसाठी रासायनिक सेन्सर म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

टेक्नेशियम-९९ चे गणित याच्या उलट. अर्धायुष्य २ लाख ११ हजार वर्षे, गॅमा किरण व्यवहारात नाहीतच, बीटा किरणांची कमाल ऊर्जा २९४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. काचेच्या भिंतीतच ते अडकतात. लिटरमागे १ मिलिग्रॅम टेक्नेशियम म्हणजे किरणोत्सारिता ६३० किलोबेकरेल, पण मोल दहा मायक्रोमोल. युरेनियम तर याहूनही पुढचे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. तेवढ्या युरेनियम-२३८ ची किरणोत्सारिता लिटरमागे ०.३७ बेकरेल. ती मोजायची तर नमुना आटवा, वेगळा काढा, थाळीवर पसरा आणि तासन्‌तास वाट पाहा. ३० मायक्रोग्रॅम हे वस्तुमान मात्र प्रतिदीप्तीच्या यंत्राला दोन मिनिटांचे काम.

म्हणजे ज्याचे आयुष्य लहान, तो किरण मोजणाऱ्या काउंटरचा विषय. ज्याचे आयुष्य लांब किंवा जो मुळात किरणोत्सारी नाहीच, तो सेन्सरचा. टाकीतल्या कचऱ्यात बहुतांश माल या दुसऱ्या गटातला असतो. अमेरिकेतल्या हॅनफर्ड या जुन्या प्लुटोनियम-निर्मिती केंद्रात १७७ भूमिगत टाक्या आहेत, १४९ एका कवचाच्या आणि २८ दुहेरी कवचाच्या. तिथला द्रव मुख्यतः सोडियम नायट्रेट, नायट्राइट, हायड्रॉक्साइड, अॅल्युमिनेट आणि कार्बोनेट यांचा आहे. कार्बन स्टीलची टाकी गंजू नये म्हणून हायड्रॉक्साइड मुद्दाम घातलेले. नायट्रेट पोलाद पोखरते, नायट्राइट आणि हायड्रॉक्साइड त्याला आवर घालतात. म्हणून या तिघांचे प्रमाण सतत माहीत असावे लागते. रासायनिक सेन्सरने आपली किंमत वसूल करायची ती इथे.

नायट्रेट इलेक्ट्रोड: घ्यावा, पण हातात धरून वापरायला

पीव्हीसी मेम्ब्रेनचा आयन-निवडक इलेक्ट्रोड स्वस्त असतो, मेम्ब्रेनची टोपी फिरवून बदलता येते आणि नमुना अगदी थोडा लागतो. हा शेवटचा गुण कचऱ्याच्या कामात सर्वांत मोठा. ०.२ मिलिलिटर द्रवावर काम भागते, त्यामुळे हाताला बसणारा डोसही त्याच मापात खाली येतो.

सरळ टाकीत बुडवायला मात्र हा इलेक्ट्रोड घेऊ नका. उत्पादक पीएचची मर्यादा बहुधा ११ पर्यंत देतात आणि टाकीतला द्रव १३ च्या पुढे असतो. दुसरे असे की इलेक्ट्रोड क्रियाशीलता (आयनांची प्रभावी संहती) मोजतो, खरी संहती नव्हे, आणि ५ मोलर मिठात या दोन्हींचा एकमेकींशी संबंध ताणलेला असतो. नमुना विरल करण्याला पर्याय नाही.

विरल करण्यातच पहिली चूक होते. नमुना थेट शुद्ध पाण्यात टाकला की पीएच घसरतो, अॅल्युमिनेट तुटते आणि अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा, जेलीसारखा साका बसतो. तो पिपेटच्या टोकाला चिकटतो आणि सोबत बरेच काही घेऊन बसतो. म्हणून पहिली पायरी कॉस्टिकमध्येच: ०.२ मिलिलिटर नमुना आणि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ९.८ मिलिलिटर. ही झाली पन्नास पट. त्यातले ५ मिलिलिटर २५ मिलिलिटर आम्लधर्मी नायट्रेट बफरमध्ये ढवळत सोडा आणि पाण्याने ५० मिलिलिटर करा. एकूण पाचशे पट. बफर नेहमीचाच: अॅल्युमिनियम सल्फेट, बोरिक आम्ल, सल्फॅमिक आम्ल, पीएच ३. कॉस्टिकमुळे पीएच वर सरकतो, त्यामुळे तो पुन्हा तपासून पातळ सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांनी ३ वर आणा. तिथे अॅल्युमिनियम विरघळलेले राहते. क्लोराइडसाठी या बफरमध्ये सिल्व्हर सल्फेट घालण्याची प्रथा आहे. नमुन्यात क्लोराइड नायट्रेटच्या तुलनेत नगण्य असेल तर ते वगळा. चांदी घातली की उरलेल्या द्रावणाची विल्हेवाट आणखी एका जड धातूच्या नियमात अडकते.

सल्फॅमिक आम्लाचे काम नायट्राइट संपवण्याचे. त्यातून नायट्रोजन निघतो आणि त्याचे मोहरीएवढे बुडबुडे मेम्ब्रेनच्या तोंडाशी जमतात. आकडा संथ सरकत असताना मध्येच दोन-तीन मिलिव्होल्टची उडी मारतो, तेव्हा दोष बहुधा यंत्राचा नसतो, बुडबुड्याचा असतो. द्रावण दहा मिनिटे ढवळत ठेवा, इलेक्ट्रोड तिरका बुडवा, टिचकी मारा. विरल न करता मूळ नमुन्यात आम्ल ओतण्याची घाई कधीच करू नका. नायट्राइटमधून तपकिरी विषारी वायू निघतो आणि द्रव फेसाळून भांड्याबाहेर येतो.

वाचनासाठी कॅलिब्रेशनच्या रेषेपेक्षा प्रमाण-भर पद्धत वापरावी: नमुन्यात माहीत असलेली मात्रा घालायची आणि वाचन किती हलले त्यावरून मूळ संहती काढायची. वरच्या ५० मिलिलिटरमध्ये १ मोलर नायट्रेटचे ०.५ मिलिलिटर घातले आणि विभव १७.८ मिलिव्होल्टने उतरला असे समजा. इलेक्ट्रोडचा उतार (संहती दहापट बदलली की विभव जितका हलतो तो) २५ अंशांना ५९.२ मिलिव्होल्ट असेल तर संहती बरोबर दुप्पट झाली. भरीतून आलेले नायट्रेट ९.९ मिलिमोलर, हिशेबाने मूळ द्रावण ९.८ मिलिमोलर आणि पाचशेने गुणून टाकीतले नायट्रेट ४.९ मोलर. आता समजा, तोच इलेक्ट्रोड जुना झाला आहे, खरा उतार ५४ वर आला आहे आणि हिशेबात मात्र ५९.२ तसाच धरला आहे. खरे उत्तर ८.६ मिलिमोलर होते, आपण ९.८ लिहिले. उतारातली नऊ टक्के चूक उत्तरात तेरा-चौदा टक्के होऊन बसली. म्हणून उतार रोज काढायचा, दोन प्रमाण द्रावणांत, नमुन्याच्याच तापमानाला. एरवी एका मिलिव्होल्टची चूक एक-भाराच्या आयनाला सुमारे चार टक्के पडते, दोन-भाराच्या आयनाला आठ. उताराचा आकडा ५४ च्या खाली गेला की टोपी बदला. घासूनपुसून ती परत येत नाही.

मेम्ब्रेन मरतात त्या किरणोत्सर्गापेक्षा सेंद्रिय द्रव्यांमुळे. ट्रायब्युटाइल फॉस्फेटसारखे द्रावक आणि त्यांचे तुटलेले तुकडे पीव्हीसीतला प्लास्टिसायझर बाहेर ओढतात, पटल कडक होते, प्रतिसाद मंदावतो. आयोडाइड, परक्लोरेट आणि परटेक्नेटेट (टेक्नेशियमचा ऋण आयन) यांना हे पटल नायट्रेटपेक्षाही जास्त आपले मानते, हेही लक्षात असू द्या. सुदैवाने टाकीत नायट्रेट त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

संदर्भ इलेक्ट्रोडकडे कोणी पाहत नाही

तक्रारी नायट्रेटच्या टोपीबद्दल येतात आणि दोष निघतो शेजारच्या संदर्भ इलेक्ट्रोडचा, म्हणजे ज्याच्या स्थिर विभवाशी तुलना करून वाचन घेतात त्याचा. त्याच्या टोकाला सिरॅमिकचा बारीक, तीळभर आकाराचा सच्छिद्र ठिपका असतो. आतून पोटॅशियम क्लोराइडचे उदासीन द्रावण झिरपते, बाहेर कॉस्टिक आणि अॅल्युमिनेट. दोघांची गाठ त्या ठिपक्यातच पडते, तिथे पीएच उतरतो आणि साका नेमका छिद्रांत बसतो. भिंगाखाली ठिपका पांढुरका आणि चकचकीत दिसू लागला की समजावे. वाचन मग तासाला काही मिलिव्होल्ट एकाच दिशेने सरकत राहते आणि ढवळणी थांबवली की वेगळा आकडा देते. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये टोक रात्रभर ठेवले तर बहुधा मोकळे होते. चाकूने खरवडू नका.

म्हणून संदर्भ इलेक्ट्रोड दुहेरी जंक्शनचाच (आत-बाहेर दोन कप्प्यांचा) घ्या आणि बाहेरच्या कप्प्यात काय भरायचे हे विचारून घ्या. नायट्रेटसाठी अमोनियम सल्फेट भरतात. आम्लधर्मी बफरमध्ये ते उत्तम, अल्कलीत मात्र त्यातून अमोनिया सुटतो. कॉस्टिकमध्येच मोजमाप करायचे असेल तर पारा आणि मर्क्युरिक ऑक्साइडचा संदर्भ जास्त स्थिर असतो. फक्त पारा कचऱ्याच्या खोलीत आणायचा की नाही, हा निर्णय आधी घ्यावा. कॅलोमेल या पाऱ्याच्या जुन्या संदर्भ इलेक्ट्रोडची गरज आज कुठेच नाही.

काचेचा पीएच इलेक्ट्रोड टाकीतल्या द्रवासाठी घेऊ नये. जास्त सोडियम आणि कमी हायड्रोजन आयन अशा ठिकाणी काच सोडियमलाच हायड्रोजन समजते आणि पीएच खऱ्यापेक्षा कमी दाखवते. शिवाय हायड्रॉक्साइड १ मोलर आहे की ३, हा प्रश्न पीएचच्या आकड्यात दशांशाच्या घरात दडलेला असतो. तिथे आम्लाने टायट्रेशन करा, किंवा खालचा रमन प्रोब वापरा.

फ्लोराइडचा लँथॅनम फ्लोराइड स्फटिकाचा इलेक्ट्रोड ही या सगळ्या कुटुंबातली सर्वांत भरवशाची वस्तू. अट एकच: पीएच ५ ते ५.५ च्या बफरमध्ये, आणि अॅल्युमिनियमला स्वतःकडे बांधून घेऊन फ्लोराइड सोडवणारा सीडीटीए हा पदार्थ त्यात हवाच. नाहीतर फ्लोराइड असूनही दिसत नाही.

रमन प्रोब: पैसे असतील तर हाच

नळीत बसवून टाकीतला द्रव वाहत असताना सतत वाचन देणारे असे या यादीत एकच उपकरण आहे. लेझर फायबरमधून जातो, विखुरलेला प्रकाश दुसऱ्या फायबरने परत येतो, आणि त्याची तरंगलांबी किती सरकली यावरून आयन ओळखू येतो. यंत्र भिंतीपलीकडे सुरक्षित राहते. नायट्रेटची रेषा १०४८ व्यस्त सेंटिमीटरजवळ, तिच्या खांद्यावर १०६६ ला कार्बोनेट, नायट्राइट ८१५ आणि १३३० ला, सल्फेट ९८१, फॉस्फेट ९३६, क्रोमेट ८४७, अॅल्युमिनेट ६२२ जवळ. एका वर्णपटात एवढे सगळे. मेम्ब्रेन नाही, संदर्भ इलेक्ट्रोड नाही, विरल करणे नाही. उलट द्रव जितका घट्ट तितका प्रोब खूश.

पण ऑर्डर देताना तीन ठिकाणी लोक फसतात.

पहिले, खिडकी. 'सर्वांत टिकाऊ' म्हणून हिऱ्याची खिडकी विकली जाते. हिऱ्याची स्वतःची रमन रेषा १३३२ वर आहे आणि ती प्रचंड मोठी असते. नायट्राइटची रेषा १३३० ला. म्हणजे ज्या आयनासाठी प्रोब घेतला, त्याच्यावरच खिडकीने पडदा टाकला. मग ८१५ च्या कमजोर रेषेवर दिवस काढावे लागतात. नीलमणी, म्हणजे सफायरची खिडकी मागा. तिच्याही रेषा आहेत, ४१७ ची सर्वांत ठळक. ती उपयोगीच पडते, कारण द्रव कोणताही असला तरी ती जागची हलत नाही आणि लेझर किंवा फायबर मंदावल्याचे लगेच कळते. फक्त ६४५ ची छोटी रेषा अॅल्युमिनेटच्या शेजारी येते, ती वजा करून घ्यावी. बोरोसिलिकेट काच गरम कॉस्टिकमध्ये हळूहळू विरघळते, ती नको.

दुसरे, लेझरची तरंगलांबी. ७८५ नॅनोमीटरला प्रतिदीप्तीचा त्रास कमी, म्हणून विक्रेता तोच पुढे करतो. हायड्रॉक्साइड मोजायचे असेल तर तो चालत नाही. हायड्रॉक्साइड आणि पाण्याचे पट्टे ३२०० ते ३६०० च्या पट्ट्यात आहेत. ७८५ ने उत्तेजित केल्यावर तो प्रकाश १०५० ते ११०० नॅनोमीटरवर पडतो आणि सिलिकॉनचा डिटेक्टर तिथे जवळपास आंधळा. ५३२ चा हिरवा लेझर घेतला तर तोच पट्टा ६४० ते ६६० नॅनोमीटरला येतो, डिटेक्टरच्या ऐन आवडीच्या भागात. पिवळे क्रोमेट ५३२ ला फारसे शोषत नाही, त्यामुळे तीही भीती नाही. सेंद्रिय पदार्थ खूप असतील आणि हिरव्या लेझरने वर्णपटाखाली प्रतिदीप्तीची टेकडी उठत असेल, तरच मधली तरंगलांबी शोधावी.

तिसरे, फायबर. किरणोत्सर्गाने काच काळवंडते आणि निळ्या बाजूला जास्त काळवंडते. शिवाय त्यातला एक दोष ६२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, म्हणजे हिरव्या लेझरच्या हायड्रॉक्साइड पट्ट्याच्या दारातच. शुद्ध सिलिका गाभ्याचा आणि फ्लोरिनयुक्त आवरणाचा फायबर मागा, जर्मेनियम घातलेला दूरसंचाराचा फायबर नको. डोस थांबला की काळेपणा काही अंशी परत जातो, त्यामुळे सोमवारी सकाळी सिग्नल शुक्रवारपेक्षा चांगला दिसला तर आनंदून जाऊ नका. म्हणूनच कोणतीही रेषा एकटी वाचायची नाही. पाण्याच्या १६४० च्या पट्ट्याशी गुणोत्तर काढायचे. त्यातही एक मेख आहे: घट्ट मिठात पाणीच कमी असते. पातळ द्रावणांवर केलेले कॅलिब्रेशन घट्ट द्रावणाला लावले की नायट्रेट वाजवीपेक्षा जास्त निघते. कॅलिब्रेशनचे संच टाकीच्याच मिठाच्या पट्ट्यात बनवा, एकेक आयन वेगवेगळा बदलून.

रमनची मर्यादा संवेदनशीलता. मोलरच्या शंभराव्या भागाच्या खाली साधा प्रोब गोंधळतो. युरेनियम, टेक्नेशियम, पारा यांचे सूक्ष्म प्रमाण त्याच्या आवाक्यात नाही. गाळ ढवळलेला असेल तर प्रकाश कणांवरच संपतो. प्रोबच्या आधी गाळणी किंवा स्थिरावण्याचा कप्पा हवा.

युरेनियमचा फ्लोरिमीटर

भूजल, झिरपा आणि टाकीबाहेरच्या विहिरी यांच्यासाठी हा घ्यावाच. लेझर किंवा एलईडीच्या छोट्या स्पंदनाने युरेनिल, म्हणजे पाण्यातल्या युरेनियमचा आयन, उजळतो आणि हिरवा प्रकाश देतो. मुख्य पट्टे ४९६, ५१६ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपास. सेंद्रिय घाणीची चमक नॅनोसेकंदांत विझते, बफरमधल्या युरेनिलची कितीतरी पट जास्त टिकते. यंत्र स्पंदनानंतर जरा थांबून मोजते, एवढीच युक्ती. बफर सोपा: ५ टक्के सोडियम पायरोफॉस्फेट, फॉस्फोरिक आम्लाने पीएच ७ केलेला. नमुना ६ मिलिलिटर, बफर ०.६ मिलिलिटर, आणि उत्तर प्रमाण-भर पद्धतीने. रेषेवरून वाचू नका, कारण ही चमक विझवण्याची प्रत्येक पाण्याची ताकद वेगळी.

विझवणारे म्हणजे क्लोराइड, लोह, मँगनीज आणि ह्युमिक द्रव्ये. ओळखायची चाचणी एका ओळीची: नमुना दहापट विरल करा, आकडा दहाने गुणा. उत्तर वाढले तर विझवणारे होते. तेच आले तर नव्हते. कॅल्शियम जास्त असेल तर पायरोफॉस्फेटसोबत गढूळपणा येतो. तेव्हाही विरल करणे हाच उपाय.

टाकीतला द्रव मात्र या यंत्राला थेट देऊ नये. कार्बोनेटने बांधलेला युरेनिल खोलीच्या तापमानाला जवळपास चमकतच नाही. नायट्राइट ३५४ नॅनोमीटरला आणि क्रोमेट ३७२ ला शोषून घेतात, म्हणजे उत्तेजक प्रकाश युरेनियमपर्यंत पोहोचण्याआधीच गडप. आधी विरल करा, नायट्राइट सल्फॅमिकने घालवा, आम्लाने कार्बन डायऑक्साइड उडवून द्या आणि तेव्हाच बफर घाला.

टेक्नेशियमचे रेझिन, क्रोमेटचा रंग, पारा

टेक्नेशियमसाठी जो 'सेन्सर' मिळतो तो खरे तर संकर आहे: ऋण-आयन विनिमय रेझिनचे (ऋण आयन पकडून ठेवणारे) मणी आणि चमकणाऱ्या प्लास्टिकचे मणी एका पारदर्शक नळीत मिसळलेले, दोन्ही बाजूंना ती चमक टिपणारे प्रकाशगुणक. परटेक्नेटेट रेझिनवर अडकते, त्याचा बीटा किरण शेजारच्याच मण्यात चमक पाडतो. भूजलासाठी ही कल्पना सुंदर आहे. पाणी सतत वाहू द्यायचे; रेझिन समतोलाला आले की मोजणी थेट संहतीच्या प्रमाणात येते, नळी दर वेळी धुवायची गरज नाही. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी वापरली जाणारी लिटरमागे ९०० पिकोक्युरींची पातळी म्हणजे ३३ बेकरेल, ५३ नॅनोग्रॅम. एवढ्या कमी वस्तुमानावर निव्वळ इलेक्ट्रोड काही करू शकत नाही, नळी करते. स्ट्राँशियम-९० ला अशी नळी घ्यायची तर मुकुट-इथरचे रेझिन, तीव्र नायट्रिक आम्ल आणि इट्रियम-९० ची वाढ असा सगळा संसार मागे येतो. तो प्रयोगशाळेतच राहू द्यावा.

टाकीच्या द्रवाला टेक्नेशियमची नळी निरुपयोगी आहे. कित्येक मोलर नायट्रेट रेझिनवरच्या सगळ्या जागा बळकावते. शिवाय काही टाक्यांत टेक्नेशियमचा बराच भाग परटेक्नेटेट रूपात नसतोच, आणि पेरॉक्सिडायसल्फेटसारख्या ऑक्सिडीकारकाने गरम केल्याशिवाय तो रेझिनला सापडत नाही. 'एकूण टेक्नेशियम' असे छापलेले असेल तर ऑक्सिडीकरणाची पायरी यंत्रात आहे का ते पाहा.

सहा-संयुजी क्रोमियमसाठी महाग काही घेऊ नका. क्रोमेट स्वतःच पिवळे आहे. ३७२ ला ते सर्वांत जास्त शोषते, पण मोलर नायट्राइटची शेपटी तिथे मिसळते, आणि विरल करून उपयोग नाही, दोन्ही सारखेच कमी होतात. अल्कलीतच ठेवून ४२० नॅनोमीटरला वाचा. संवेदनशीलता घटते, पण नायट्राइट जवळजवळ बाहेर पडते. डायफेनिलकार्बाझाइडची जांभळी चाचणी आम्लात होते आणि आम्लात नायट्राइट क्रोमेटला खाऊन टाकते. कचऱ्याचा नमुना आम्लात घेतला, पाच मिनिटांनी रंग काढला आणि क्रोमियम 'नाही' असे लिहिले, ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त होते.

पाऱ्याला सोन्याच्या इलेक्ट्रोडवरची स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री चांगली: धातू इलेक्ट्रोडवर जमवायचा आणि तो परत उतरताना वाहणारा प्रवाह मोजायचा. अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर अणुकेंद्रासारख्या ठिकाणी अॅल्युमिनियमचे आवरण विरघळवताना पारा उत्प्रेरक म्हणून वापरला गेला, त्यामुळे तो टाक्यांत आहे. पण त्यातला बराच मिथाइल रूपात असतो. पचन न करता (आम्ल आणि ऑक्सिडीकारकाने संयुगे न तोडता) घेतलेले स्ट्रिपिंगचे वाचन फक्त मोकळ्या आयनांचे असते, एकूण पाऱ्याचे नव्हे.

टाकीवरच्या हवेतला हायड्रोजन

किरणोत्सर्गाने पाणी तुटते, हायड्रोजन निघतो, गाळात साठतो आणि अधूनमधून ढेकर दिल्यासारखा एकदम बाहेर येतो. हॅनफर्डच्या एका टाकीत हा प्रकार इतका नियमित होता की १९९३ मध्ये तिच्यात ढवळणी पंप बसवावा लागला. हवेत हायड्रोजनची ज्वलनमर्यादा ४ टक्क्यांना सुरू होते, त्यामुळे धोक्याची घंटा १ टक्क्याला लावतात. उत्प्रेरकी मण्याचा सेन्सर स्वस्त आहे, पण त्याला जळण्यासाठी ऑक्सिजन लागतो. नायट्रोजनने धुतलेल्या टाकीत तो शून्य दाखवतो आणि ते शून्य खोटे असते. सांध्यांना लावलेला सिलिकॉनचा लेपही त्याला कायमचा मारतो. धुतलेल्या टाकीला पॅलेडियमचा किंवा उष्णतावहनाचा सेन्सर घ्यावा. इलेक्ट्रोकेमिकल सेल घेतलाच तर कार्बन मोनॉक्साइडचा त्याच्यावर किती परिणाम होतो, तो आकडा लेखी मागा.

अंगाखांद्याचे सामान

सेन्सर टिकतो की नाही, हे बहुतेकदा मेम्ब्रेन ठरवत नाही. रिंगा आणि वायरी ठरवतात. टेफ्लॉन रसायनांना दाद देत नाही म्हणून सगळीकडे घातलेले असते, पण किरणोत्सर्गापुढे ते काही किलोग्रेमध्येच ठिसूळ होऊन पिठासारखे झडू लागते. डोसदर तासाला १० ग्रे असेल तर एक किलोग्रे शंभर तासांत भरतो. त्याच डोसदरात साध्या प्रीअॅम्प्लिफायरला दिवसाला २४० ग्रे बसतात. तो दोन-चार दिवसांचा पाहुणा. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिल्डिंगच्या पलीकडे हवे, आणि मेगाओहम रोधाच्या इलेक्ट्रोडची वायर लांब केली की हात हलवला तरी आकडा हलतो. दुहेरी कवचाची, हलकी खेचून बांधलेली वायर घ्या आणि ती पंपाच्या वायरीपासून लांब ओढा.

प्रोबचे अंग पीईईके या कणखर प्लास्टिकचे असावे. डोसही सोसते, कॉस्टिकही. व्हायटन या फ्लोरिनयुक्त रबराच्या काळ्या रिंगा गरम कॉस्टिकमध्ये फुगतात आणि भेगाळतात, तिथे ईपीडीएम रबर चालते. दोन्ही रिंगा दिसायला सारख्याच काळ्या, त्यामुळे पाकिटातून बाहेर काढून एका डब्यात ओतू नका.

ग्लव्ह बॉक्समध्ये वापरायचा असेल तर विकत घेण्याआधी जाड हातमोजे घालून टोपी बदलून पाहा. ती बारीक आट्यांची असली तर बोटे चुकतात आणि टोपी आत सांडते. पाऊण वळणात बसणारी टोपी घ्या. एकदा कचऱ्यात बुडालेला इलेक्ट्रोड दुरुस्तीसाठी परत पाठवता येत नाही, त्यामुळे हमीपत्रातल्या 'मोफत दुरुस्ती' या ओळीला अर्थ नाही. त्याऐवजी पहिल्याच ऑर्डरमध्ये प्रत्येक इलेक्ट्रोडमागे तीन मेम्ब्रेन टोप्या, एक जादा संदर्भ इलेक्ट्रोड आणि ईपीडीएमच्या रिंगांचे दोन संच लिहा. टोप्यांवर बनवल्याची तारीख छापलेली हवी. पीव्हीसीचे पटल पाकिटातही म्हातारे होते, आणि वर्षभर कपाटात राहिलेली टोपी पहिल्याच दिवशी ५४ चा उतार दाखवू शकते.